आई तुरुंगात गेली, मुलं कोणाकडे?

बाप तुरुंगात गेला की घर हादरतं, पण बहुतेक वेळा उभं राहतं. आई धुणीभांडी करते, शिवण घेते, वकिलाकडे हेलपाटे घालते, मुलांना शाळेत धाडते. आई आत गेली की घर सांभाळणारंच कोणी उरत नाही. अनेकदा बापही त्याच गुन्ह्यात आत असतो, किंवा फार पूर्वीच सोडून गेलेला असतो, किंवा गुन्हाच त्याच्या खुनाचा असतो. हुंडाबळीच्या प्रकरणात तर नवरा, सासू, दीर, नणंद असं अख्खं घर एका दिवसात उचललं जातं. त्या घरातल्या मुलांचं पुढे काय होतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात पोलीस ठाण्यापासून करावी लागते.

अटकेच्या वेळी बरंच काही लिहून घेतलं जातं. वेळ, ठिकाण, अंगावरचे दागिने, कोणत्या नातेवाइकाला कळवलं ते. स्त्रीला अपवादात्मक कारणाशिवाय सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, हेही पोलिसांना ठाऊक असतं. पण ‘तुमची मुलं किती आणि आज रात्री ती कोणाकडे झोपणार’ हा प्रश्न विचारला जातो की नाही, हे समोरच्या अधिकाऱ्याच्या स्वभावावर राहतं. अंगावर पिणारं मूल आईबरोबरच जातं. मोठी मुलं तेव्हा शाळेत असतात, शिकवणीला असतात, खेळायला गेलेली असतात. घरी येऊन बघतात तर दाराला कुलूप. शेजारीण आत घेते, एक दिवस, दोन दिवस. मग गावाहून आजी येते, किंवा मामा येतो, किंवा कोणीच येत नाही.

कोणीच आलं नाही तर काय करायचं, याचं उत्तर कायद्यात आहे. ज्याला सांभाळणारं कोणी नाही असं मूल बाल न्याय कायद्यानुसार ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं. त्याला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलाने कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीपुढे, न्यावं लागतं. पण त्यासाठी ते मूल आहे हे कोणाला तरी कळायला हवं, आणि कळलेल्या माणसाने ते पुढे सांगायला हवं. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे. तुरुंगातल्या पाळणाघराबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण निम्मं नुकसान त्याआधीच, त्या पहिल्या चार दिवसांत होऊन गेलेलं असतं.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या. एकूण कैद्यांच्या तुलनेत हे प्रमाण जेमतेम ४ टक्के. त्यांपैकी १,५३७ जणींबरोबर त्यांची मुलं आत राहत होती. मुलांची संख्या १,७६४. यातली १,४७९ मुलं न्यायाधीन बंदी असलेल्या आयांची होती. म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही, अशांची. आत राहणाऱ्या शंभर मुलांमागे चौऱ्यांशी मुलांच्या आईला अजून शिक्षाच झालेली नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा मुद्दा अहवालात न आलेल्या आकड्याचा. आत असलेल्या मुलांची मोजणी होते. बाहेर राहिलेल्या मुलांची होत नाही. उरलेल्या बावीस हजारांवर स्त्रियांमध्ये आया किती, त्यांची मुलं कुठे आहेत, शाळेत जातात का, याची नोंद त्या अहवालात सापडत नाही. तुरुंगाबाहेरची ही मुलं आतल्यांपेक्षा कितीतरी जास्त असणार, हे उघड आहे.

आत राहणाऱ्या मुलांसाठी मात्र आपल्याकडे एक चांगला निकाल आहे. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या १९९४ सालच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी सविस्तर सूचना दिल्या. सूचना साध्या आहेत आणि म्हणूनच महत्त्वाच्या. आईबरोबर राहणारं मूल कैदी नाही, त्याला तसं वागवायचं नाही. अन्न, कपडे, औषधपाणी, शिक्षण आणि खेळ हा त्याचा हक्क आहे, तुरुंगाची मेहेरबानी नव्हे. गरोदर स्त्रीला ज्या तुरुंगात पाठवायचं, तिथे बाळंतपणाची सोय आहे का हे आधी बघायचं. शक्यतो बाळंतपण बाहेरच्या रुग्णालयात व्हावं, त्यासाठी तात्पुरती सुटका द्यावी. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी, आणि ती शक्यतो तुरुंगाच्या भिंतीबाहेर. मुलासाठी वेगळी, त्याच्या मापाची भांडी. बाळाचं बारसं करायला मुभा.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यांत मोठी वाटते. तुरुंगात जन्मलेल्या बाळाच्या जन्माच्या नोंदीत जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही, फक्त त्या परिसराचा पत्ता लिहायचा. शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत तो कागद त्या मुलाबरोबर जन्मभर चालणार, याचा विचार कोणीतरी तेव्हा केला होता.

सूचना सगळीकडे पाळल्या जातात का? मोठ्या शहरांत बऱ्यापैकी. मुंबईत भायखळ्याच्या महिला कारागृहासारख्या ठिकाणी मुलांसाठी काही ना काही व्यवस्था असते, स्वयंसेवी संस्थांचं येणंजाणं असतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांबरोबर, त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करतो आहे. पण देशात खास महिलांसाठीची कारागृहं २०२२ च्या अखेरीस फक्त ३४ होती. बाकीच्या बहुतेक स्त्रिया पुरुषांच्या तुरुंगातल्या एका कोपऱ्यात, महिला कक्षात राहतात. तुरुंगाच्या आतला हा आणखी एक तुरुंग असतो, कारण मोठं आवार, वाचनालय, कारखाना पुरुषांच्या बाजूला आणि स्त्रियांच्या वाट्याला एक-दोन बरॅक आणि छोटं अंगण. तिथे आई एकटीच आणि मूल एकटंच असेल, तर एका मुलासाठी बालवाडी कोण चालवणार?

अशा ठिकाणी मुलाचा दिवस कसा जातो ते बघू. सकाळी बरॅक उघडते, मोजणी होते. चहा, अंघोळ, आईच्या मागे मागे फिरणं. दुपारी पुन्हा बंद. संध्याकाळी, अजून उजेड असतानाच, बरॅकला कुलूप लागतं ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. आईच्या सतरंजीवर, दोन्ही बाजूंना दुसऱ्या बायकांची अंथरुणं, डोक्यावर रात्रभर जळणारा दिवा. कोणी रडतं, कोणी भांडतं, कोणी रात्रीत आजारी पडतं. त्याच बायका त्या मुलाच्या मावश्याही असतात. आपल्या वाटचं बिस्किट त्याच्यासाठी राखून ठेवतात, आई कोर्टात गेली की त्याला मांडीवर घेऊन बसतात. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदमच सांगायला हवं.

२००६ च्या निकालात काही अभ्यासांचा हवाला आहे आणि त्यांतली निरीक्षणं वाचून चटका बसतो. स्त्रियांच्या कक्षातच वाढलेले मुलगे स्वतःबद्दल मुलींसारखं बोलतात, आपल्या मराठीत सांगायचं तर ‘मी जेवले’, ‘मी जाते’ म्हणतात, कारण तसं बोलणारीच माणसं त्यांनी ऐकलेली असतात. पुरुष म्हणजे पोलीस किंवा तुरुंगातला कर्मचारी, एवढीच त्यांची ओळख. मांजराशिवाय पाळीव प्राणी पाहिलेला नाही. आईबरोबर कोर्टाच्या तारखेला जाताना रस्त्यावर जनावर दिसलं की घाबरतात. घर म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसतं.

मग मुलाला आत ठेवूच नये का? इथे घाईने निकाल देता येत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाला सर्वांत जास्त गरज असते ती एकाच ओळखीच्या, भरवशाच्या माणसाची. रडलं की तेच माणूस येतं, तोच वास, तोच आवाज. यातून मुलाची जगाबद्दलची खात्री तयार होते आणि तिच्यावर पुढचं शिकणं, बोलणं, माणसांत मिसळणं उभं राहतं. आईपासून अचानक तोडलेलं दीड वर्षांचं मूल आधी आकांत करतं, मग गप्प होतं. बघणाऱ्याला वाटतं ‘रुळलं’, पण त्या वयात गप्प होणं म्हणजे रुळणं नव्हे. म्हणून तान्ह्या मुलासाठी आई असलेला तुरुंग हा आई नसलेल्या घरापेक्षा बरा ठरू शकतो. तीन वर्षांनंतर पारडं फिरू लागतं. तेव्हा मुलाला इतर मुलं हवी असतात, झाडं, रस्ता, दुकान, कुत्री, बाप्पाची मिरवणूक हवी असते. नेमकं कुठल्या वयात बाहेर काढायचं, हे प्रत्येक मुलागणिक ठरायला हवं. बाहेर आजी खंबीर असेल तर एक उत्तर, बाहेर मारणारा काका असेल तर दुसरं. आईनेच मुलाला इजा केली असेल तर तिसरं.

आपल्या नियमात मात्र एक ठाम रेघ आहे, सहा वर्षांची. बाहेर दुसरी सोय नसेल तर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. त्यानंतर आई सांगेल त्या नातेवाइकाकडे, नाहीतर संस्थेत. ही रेघ कुठेतरी ओढावीच लागणार, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तयारीशिवाय ओढण्याची. ज्या मुलाने सहा वर्षांत आईशिवाय एक रात्र काढलेली नाही, त्याला एका सकाळी गाडीत बसवून बालगृहात नेलं जातं. भाऊ-बहीण असतील तर तीही एकमेकांपासून तुटतात, कारण मुलांचं बालगृह वेगळं आणि मुलींचं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने यावरही सांगून ठेवलं आहे की संस्था शक्यतो तुरुंग असलेल्या शहरातच असावी आणि अशा मुलाला आठवड्यातून किमान एकदा आईला भेटता यावं. ही आठवड्याची भेट खरोखर घडते का, एवढी एकच गोष्ट तपासली तरी व्यवस्था किती जागी आहे ते कळतं.

बाहेरच्या मुलांकडे वळतो. इथे बहुधा आजी असते. तिचं वय झालेलं, हातात पैसा नाही, वर गावाची बोलणी. घरातली मोठी मुलगी तेरा-चौदा वर्षांची असेल तर ती धाकट्यांची आई होते. आधी एक-दोन दिवस शाळा बुडते, मग शाळाच सुटते. मुलांना सांगितलं जातं, ‘आई गावाला गेलीये’, ‘दवाखान्यात आहे’, ‘कामाला गेलीये’. हेतू चांगलाच असतो. पण मुलं मूर्ख नसतात. कोणीतरी शाळेत बोलतं, मोबाइलवर बातमी दिसते, आणि मग मुलाला एकाच वेळी दोन धक्के बसतात. आई तुरुंगात आहे, आणि घरातले सगळे माझ्याशी खोटं बोलले. मेलेल्या माणसासाठी रडता येतं, लोक भेटायला येतात, दिवस होतात. तुरुंगात गेलेल्या आईसाठी मुलाला उघडपणे रडायचीही सोय नसते. लहान मुलं यातून बहुतेकदा एकच अर्थ काढतात, की माझं काहीतरी चुकलं म्हणून आई गेली.

या मुलांसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे आईची भेट. तुरुंगात तिला ‘मुलाखत’ म्हणतात. खेड्यातून पहाटेची एसटी धरून यायचं, फाटकाशी नाव नोंदवायचं, आधारकार्ड दाखवायचं, रांगेत थांबायचं, आणि मग काचेपलीकडे किंवा जाळीपलीकडे आई, बोलायला फोन, हातात काही मिनिटं. आजी वकिलाचं बोलून घेते, पैशाचं बोलून घेते, आणि मुलाच्या हाती फोन येतो तेव्हा वेळ संपत आलेली असते. जाळीपलीकडच्या आईशी काय बोलायचं हे पाच वर्षांच्या मुलाला सुचत नाही. त्याला तिच्या मांडीवर बसायचं असतं. महाराष्ट्रातल्या कारागृहांनी यावर ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम सुरू केला आहे. ठरलेल्या दिवशी कैद्यांच्या मुलांना आत घेतात, आईबापाला मिठी मारता येते, जवळ बसून खाऊ खाता येतो. मला विचाराल तर हा वर्षातून एखाद्या वेळी करायचा सोहळा असू नये. ज्या आईपासून सुरक्षेला धोका नाही, तिच्या मुलाची प्रत्येक भेट गळाभेट का असू नये? आता अनेक तुरुंगांतून व्हिडिओवर ई-मुलाखतही होते. दूरच्या गावातल्या मुलांसाठी ती मोठीच सोय आहे, फक्त तिने प्रत्यक्ष भेटीची जागा घेऊ नये.

आता त्या चौऱ्यांशी मुलांकडे परत येऊ. शिक्षा झालेल्या स्त्रीला निदान संचित रजा आणि अभिवचन रजा मिळू शकते, ज्यांना आपण फर्लो आणि पॅरोल म्हणतो. न्यायाधीन स्त्रीला यातलं काहीच नाही. तिच्यासाठी एकच दार, जामीन. कायद्याने ते दार स्त्रियांसाठी थोडं किलकिलं ठेवलं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये अशी तरतूद आहे की गंभीर गुन्ह्यातही आरोपी स्त्री असेल तर न्यायालय जामीन देऊ शकतं. ‘देऊ शकतं’, ‘देईलच’ असं नव्हे. त्यामुळे सगळं वकिलावर येतं. मुलं किती, कोणाकडे आहेत, त्यांचे शाळेचे दाखले, डॉक्टरांचे कागद, हे न्यायाधीशांसमोर मांडलंच नाही तर त्यांना कळणार कसं?

मांडलं की फरक पडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमली पदार्थांच्या प्रकरणातल्या एका गरोदर स्त्रीला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. अमली पदार्थांच्या कायद्यात जामीन किती अवघड असतो ते वकिलांना विचारा. तरीही न्यायालयाने म्हटलं की तुरुंगाच्या वातावरणातल्या बाळंतपणाचा परिणाम आईवरच नव्हे तर बाळावरही होतो.

जामीन मंजूर झाला तरी गोष्ट संपत नाही. हमीदार लागतो, पैसे लागतात. तुरुंगात गेलेल्या बाईसाठी सासर हमी देत नाही, माहेर तोंड फिरवतं. जामिनाचा आदेश हातात असून महिनोन्‌महिने आत बसलेल्या स्त्रिया असतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी वाट काढली. जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरजूंना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायचं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तिच्यात सुरुवातीला न्यायाधीन कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची सोय होती.

‘मग काय, मूल दाखवा आणि सुटा?’ हा प्रश्न लोक विचारतात आणि तो रास्त आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००७ साली याचं नीट उत्तर दिलं. तीन मुलग्यांना एकटीने वाढवणाऱ्या आईवर क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीचे गुन्हे सिद्ध झाले होते. न्यायालयाने तिला निर्दोष म्हटलं नाही. तिची तुरुंगवासाची शिक्षा थांबवून तिला देखरेखीखाली ठेवलं, समाजसेवा करायला लावली आणि फसवलेल्या लोकांचे पैसे फेडायला सांगितलं. न्यायमूर्ती आल्बी साक्स यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मूल हे आईबापाचं शेपूट नाही, ते स्वतंत्र माणूस आहे. शिक्षा ठरवताना त्याचं काय होणार हे न्यायालयाने विचारात घेतलंच पाहिजे. विचार करूनही तुरुंग अटळ वाटला, तर पाठवा. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खटला चालू असलेल्या गरोदर स्त्रिया आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या आया यांना तुरुंगाऐवजी घरीच स्थानबद्ध ठेवायला सांगितलं. हिंसाचाराचे गुन्हे आणि स्वतःच्याच मुलाविरुद्धचे गुन्हे यातून वगळले. स्त्री कैद्यांना कसं वागवावं याबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे २०१० चे बँकॉक नियमही हीच दिशा दाखवतात.

आणि बाप? एकट्याने मुलं वाढवणारा बाप आत गेला तर त्याच्या मुलांनाही हेच सगळं लागू व्हायला हवं. मुद्दा मुलाचा आहे. याबाबतीत महाराष्ट्राकडे एक जुनी, अभिमानाची गोष्ट आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत १९३९ साली औंध संस्थानाने वसवली. तिथे शिक्षा भोगणारा पुरुष बायकोमुलांसह राहतो, शेती करतो. माणूस शिक्षा भोगत असताना मुलं त्याच्याजवळ वाढू शकतात, हे आपण इतक्या वर्षांपूर्वी करून दाखवलं. आयांसाठी अशी वसाहत उभी करायला अडचण कोणती, हे मला खरोखर समजत नाही.

तुमच्या ओळखीत, गल्लीत किंवा वर्गात असं मूल असेल तर काही गोष्टी लगेच करता येतात. मुलाला सांभाळणारं कोणी नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तो चोवीस तास चालतो. आईला वकील नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला आणि कोठडीतल्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असलं तरी, तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्या वकिलाला मुलांचे कागद आठवणीने द्या. आजी किंवा मावशी मुलांना सांभाळत असेल तर महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. आईवडील तुरुंगात असलेली मुलं या योजनेत बसतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. मुलांची आधारकार्डं, शाळेचा दाखला आणि आई तुरुंगात असल्याचा पुरावा जवळ ठेवा. आजीला हे एकटीने जमत नाही. एक दिवस रजा टाकून तिच्याबरोबर त्या कार्यालयात जा.

शिक्षक असाल तर वर्गात ‘आईची सही आणा’ म्हणताना त्या मुलाला आजीची सही चालेल असं आधीच, बाजूला बोलावून सांगा. त्याने विचारलं तर खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल एवढं. आई कुठे आहे, ती सुरक्षित आहे, ती का आली नाही, आणि यात तुझी काही चूक नाही. मुलाखतीच्या दिवशी तो गैरहजर राहिला तर रागावू नका.